वेताळ गोरा, राक्षस काळा: कॉमिक्समधल्या रंगावरून भांडायचं कसं?

(हा आमच्या एपिसोडचा लेखी मजकूर आहे. बोलताना मध्ये मध्ये आलेले ‘म्हणजे’ आणि ‘आपलं ते’ कमी केलेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

शिराळ्यातून बोलतोय. एसटीत बसून ऐकत असाल तर आवाज जरा वाढवा, आणि शेजारी कुणी कॉमिक्सवेडा बसला असेल तर एक इयरफोन त्याच्या कानात घाला. आजचा विषय त्याच्याशी भांडण लावणारा आहे.

हे भांडण तुम्ही नक्की ऐकलं असणार. कुणीतरी म्हणतं, “हे कॉमिक वर्णद्वेषी आहे.” लगेच दुसरा म्हणतो, “लहानपणापासून वाचतोय, आम्हाला कधी दिसलं नाही ते.” पहिला म्हणतो, “दिसलं नाही, हाच तर मुद्दा आहे.” दहा मिनिटांत कॉमिक बाजूला पडतं. मग उरतं काय? “तू जातीयवादी आहेस” आणि “तुला सगळ्यात खुसपटच दिसतं.” दोघंही घरी जातात, दोघांच्याही डोक्यात काही नवीन जात नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आरोप चित्रावर असतो, वाचणाऱ्यावर नसतो. आपण तो आपल्या अंगावर घेतो, कारण ते चित्र आपल्या लहानपणात चिकटलेलं असतं. ही गाठ सोडवता आली तर भांडण कामाचं होतं. नाही आली, तर फक्त घसा बसतो.

आधी शब्द नीट करू

वंशवाद म्हणजे अमुक वंशात जन्मला म्हणून माणूस वरचा, तमुक वंशात जन्मला म्हणून खालचा, असं मानणं. वर्णद्वेष म्हणजे कातडीच्या रंगावरून तेच करणं. जातिभेद आपल्याला शिकवायला नको. तिन्ही गोष्टी एक नाहीत. पण तिन्हींचं यंत्र एकच आहे: माणूस काय करतो हे बघायच्या आधीच, तो कुणाच्या पोटी जन्मला यावरून त्याचा निकाल लावून टाकायचा.

आणि कॉमिक्समध्ये हे यंत्र फार सोपं चालतं. का? कारण चित्रकाराकडे जागा कमी असते. एका छोट्या चौकटीत त्याला दाखवायचं असतं की हा नायक, हा खलनायक, हा गडी, हा विनोदी माणूस. मग तो झटपट ओळख पटेल अशी खूण शोधतो. जाड ओठ, बसकं नाक, काळा रंग, मोडकी भाषा. वाचणाऱ्याला एका सेकंदात कळतं. पण ती खूण कळते कारण ती आधीपासून आपल्या डोक्यात असते. चित्रकार ती आणखी घट्ट करून आपल्याला परत देतो.

एक आपल्याच घरचं उदाहरण देतो. बाहेरगावी कुठंही सांगा, “मी बत्तीस शिराळ्याचा.” पुढचा प्रश्न ठरलेला: “मग तुम्ही नाग पकडता?” आता नागपंचमी आपल्या गावाची ओळख आहे, खोटं काहीच नाही त्यात. पण मोरणेकाठचं सगळं गाव, त्यातले शिक्षक, शेतकरी, मोबाईल दुरुस्त करणारी पोरं, सगळे एका फण्यामागं झाकले जातात. साचा म्हणजे हेच. तो नेहमी खोटा असतो असं नाही. तो अपुरा असतो आणि तेवढ्यावरच थांबतो. आपल्याबाबत निदान तो गमतीचा आहे. काही लोकांच्या बाबतीत तोच साचा जीवावर उठतो.

वेताळाचा खटला

ज्यांच्या घरात काका-मामांच्या ट्रंकेत इंद्रजाल कॉमिक्सचे गठ्ठे आहेत, त्यांना वेताळ कोण हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकन लेखक ली फॉक यांनी १७ फेब्रुवारी १९३६ ला ‘फँटम’ ही चित्रमालिका सुरू केली. आपल्याकडे टाइम्स ऑफ इंडियाच्या कंपनीनं मार्च १९६४ पासून मुंबईहून इंद्रजाल कॉमिक्स काढलं. मराठीत फँटमचा ‘वेताळ’ झाला. १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडलं, पण वेताळाचे भक्त अजून आहेत. जुना अंक हाती लागला तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवणारी माणसं मी बघितलीत.

गोष्ट अशी. १५३६ मध्ये समुद्री चाचे एक जहाज लुटतात. एक गोरा तरुण वाहत किनाऱ्याला लागतो. जंगलातली बुटक्या माणसांची जमात त्याला वाचवते. तो बापाच्या खुन्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतो की मी आणि माझे वंशज अन्यायाशी लढू. बाप गेला की मुलगा तोच पोशाख घालतो. जंगलाला वाटतं, हा एकच माणूस, कधीच न मरणारा. आपण वाचतो तो एकविसावा.

आता आरोप काय आहे? जीव वाचवला कुणी? काळ्या जमातीनं. चारशे वर्षं कवटीच्या सिंहासनावर बसलं कोण? गोरा माणूस. जंगलातल्या टोळ्यांचं भांडण मिटवायला तोच लागतो. बाकीचे भोळे, त्याला अमर समजणारे. फॉक यांनी त्या बुटक्या जमातीला नाव दिलं ‘बांदार’. आपल्या हिंदी-मराठी कानाला त्यात कोणता प्राणी ऐकू येतो, तुम्हीच बघा.

हे लिहिलं गेलं ते साल लक्षात घ्या. १९३६. तेव्हा आपल्यावर इंग्रजांचं राज्य होतं, आणि राज्य करायचं त्यांचं कारणही हेच होतं: हे लोक आपसात भांडतात, यांना शिस्त लावायला आम्ही पाहिजे. म्हणजे वेताळाच्या गोष्टीत आपली जागा कुठली? सिंहासनावरची नक्कीच नाही. तरी आपण पोरं वाचताना स्वतःला वेताळच समजत होतो. बुटक्यांपैकी एक होऊन ती गोष्ट कुणी वाचली असेल असं मला वाटत नाही.

आता एक गंमत सांगतो, जी मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात बोलकी वाटते. इंद्रजालवाल्यांनी इथं छापताना काही नावं बदलली. मूळ गोष्टीतला ‘बेंगाली’ हा प्रदेश इथं ‘डेंकाली’ झाला. ‘सिंग’ चाचे होते, ते ‘सिंगा’ झाले. वेताळाच्या बापाला मारणारा ‘रामा’ होता, त्याचा ‘रामालू’ केला. का केलं असेल, हे सांगायला नको. बंगालचे, सिंग आडनावाचे, रामाचं नाव घेणारे वाचक इथं होते. त्यांना लागलं असतं. म्हणजे चित्रातलं नाव माणसाला लागतं, हे आपल्या संपादकांना चांगलं कळत होतं. जिथं आपल्याला टोचलं तिथं आपण काटा काढला. जिथं आफ्रिकेतल्या माणसाला टोचत होतं, तिथं तसाच राहू दिला, कारण तो माणूस आपला ग्राहक नव्हता.

बचावाची बाजूही पूर्ण ऐकू, अर्धी नको. वेताळ गुलामांच्या व्यापाऱ्यांशी लढतो. साठच्या दशकात फॉक यांनी त्या देशाला लामांडा लुआगा नावाचा काळा, शिकलेला, निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष दिला. वेताळ त्याचा मित्र, मालक नाही. म्हणजे लेखक काळाबरोबर हलत होता. आणि आपल्या वडील-काकांच्या पिढीतल्या कितीतरी पोरांना वाचायची गोडी या अंकांनी लावली, हेही खरं.

दोन्ही खरं आहे. एकानं दुसरं पुसलं जात नाही. खरी अडचण इथंच आहे, कारण भांडताना आपल्याला एकच खरं हवं असतं.

रंग कोण ठरवतो?

“अहो, रंग काय, छापताना जो आला तो आला.” हा युक्तिवाद नेहमीचा आहे, आणि त्यात थोडं तथ्यही आहे. वेताळाच्या पोशाखाचंच घ्या. फॉक यांच्या डोक्यात तो राखाडी होता. १९३९ मध्ये रविवारची रंगीत पानं सुरू झाली तेव्हा तो जांभळा छापला गेला. इटलीत तोच पोशाख लाल, स्वीडनकडे निळा. १९६२ मध्ये हल्क पहिल्या अंकात राखाडी होता, छपाईत तो राखाडी धड येईना, म्हणून दुसऱ्या अंकापासून हिरवा केला. म्हणजे छापखाना रंग बदलतो, हे खरं.

पण यातूनच उलटा मुद्दा निघतो. कॉमिक्समध्ये कुठलाच रंग आभाळातून पडत नाही. कुणीतरी बसून ठरवतं. आणि प्रत्येक वेळी चांगल्या माणसाला उजळ आणि वाईटाला काळा रंग मिळाला, तर त्याला छपाईची चूक म्हणता येत नाही.

आपल्या अमर चित्र कथेकडे या. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेली ही मालिका मराठीतही घराघरांत होती. पुराणं, इतिहास, संत, राजे, आपल्यापैकी कितीतरी जणांना पहिल्यांदा तिथंच भेटले. २००९ मध्ये राधिका परमेश्वरन आणि कविता कार्डोझा या अभ्यासकांनी या अंकांतल्या रंगाचाच अभ्यास केला. त्यांचं म्हणणं असं की गोरेपण तिथं नायक, नायिका, देव, उच्चकुळ यांच्या वाट्याला येतं आणि काळेपण असुर, गडी, क्रूर माणसं यांच्या. घरात जुने अंक असतील तर त्यांच्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः दहा अंक काढून मोजा.

आणि हे कुठल्या संस्कृतीत? जिथला सगळ्यात लाडका देव सावळा आहे. पंढरीचा विठ्ठल काळा. कृष्ण या शब्दाचा अर्थच काळा. तो कॅलेंडरवर आणि कॉमिक्समध्ये निळा होतो. निळा चालतो, काळा चालत नाही.

मी स्वतः सावळा म्हणावा त्यापेक्षा दोन हात पुढे आहे. प्राथमिक शाळेत असताना गॅदरिंगला पौराणिक नाटक बसलं की माझं काम न विचारता ठरलेलं असायचं: राक्षस. पाठांतर चांगलं होतं, आवाज खणखणीत होता, तरी राम कधी झालो नाही. बाईंनी मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्यासमोर नमुना म्हणून चित्रांचं पुस्तकच होतं. त्या पुस्तकात राक्षस माझ्यासारखा दिसत होता. म्हणून “चित्रानं काय होतंय?” असं कुणी विचारलं की मी त्याला सांगतो, चित्र पुस्तकात थांबत नाही. ते स्टेजवर येतं, मग लग्नाच्या स्थळात येतं, मग फोनच्या कॅमेऱ्यात तोंड उजळ करणारं बटण होऊन येतं.

“त्या काळी सगळेच तसे होते”

बचावातलं सगळ्यात जड वाक्य हे. १९३४ मध्ये ‘मँड्रेक’ सुरू झालं, तेही ली फॉक यांचंच. त्यातला जादूगाराचा साथीदार लोथार हा आफ्रिकेतला राजपुत्र. पण चित्रात कसा? अंगावर बिबट्याचं कातडं, डोक्यावर गोंड्याची टोपी, तोंडात मोडकं इंग्रजी. कामं नोकराची. पुढे १९६५ मध्ये फ्रेड फ्रेडरिक्स चित्रं काढू लागले आणि लोथार हळूहळू बदलला. कपडे माणसांसारखे, भाषा नीट, मँड्रेकच्या बरोबरीचा मित्र. तेव्हा अमेरिकेत काळ्या लोकांची नागरी हक्कांची चळवळ भरात होती. कुणी मँड्रेक जाळला नाही. लोथार सुधारला आणि कॉमिक आणखी चांगलं झालं.

पण ‘त्या काळी सगळेच’ यातला ‘सगळेच’ हा शब्द तपासून बघा. तो बहुतेक वेळा खोटा निघतो.

१९५३ मध्ये अमेरिकेत ईसी कॉमिक्सनं एक छोटी गोष्ट छापली, नाव ‘जजमेंट डे’. पृथ्वीवरून एक अंतराळवीर यंत्रमानवांच्या ग्रहावर तपासणीला जातो. तिथं केशरी यंत्रमानव आणि निळे यंत्रमानव आहेत. केशरींना चांगला कारखाना, चांगली वस्ती. निळ्यांना वेगळी वस्ती, वेगळी बस, हलकी कामं. अंतराळवीर कारखाना बघतो तर काय, आतले सगळे भाग एकच. फरक फक्त वरच्या पत्र्याच्या रंगाचा. तो सांगतो, तुमचा ग्रह अजून आमच्या संघात यायच्या लायक झालेला नाही. यानात बसतो, हेल्मेट काढतो, आणि शेवटच्या चौकटीत दिसतं की तो काळा माणूस आहे.

१९५६ मध्ये हीच गोष्ट पुन्हा छापायची होती. तोवर तिकडं कॉमिक्स तपासणारी यंत्रणा आली होती. तिचा प्रमुख म्हणाला, अंतराळवीर काळा चालणार नाही. प्रकाशक विल्यम गेन्स अडून बसले आणि त्यांनी गोष्ट जशीच्या तशी छापली. म्हणजे ‘त्या काळी’ आक्षेप घेणारा होता, तसा अडून बसणाराही होता.

आपल्याकडं तर त्याही आधी. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अमेरिकेतल्या गुलामी संपवणाऱ्या लोकांना अर्पण केली. पुण्यात बसलेल्या माणसाला तिथल्या काळ्या गुलामात आपला शूद्रातिशूद्र दिसला. त्याला विमान लागलं नाही, इंटरनेट लागलं नाही. याच पुस्तकावरून २०११ मध्ये श्रीविद्या नटराजन आणि अपराजिता निनान यांनी इंग्रजीत चित्रकादंबरी केली. तर मंडळी, १८७३ मध्ये ज्याला दिसलं ते १९३६ मध्ये कुणालाच दिसणं शक्य नव्हतं, असं म्हणता येत नाही.

दोन पँथर, एक साल

आता एक योगायोग सांगतो. मार्व्हलचा ‘ब्लॅक पँथर’ हा नायक जुलै १९६६ च्या अंकात आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत ‘ब्लॅक पँथर पार्टी’ निघाली. काळ्या लोकांची लढाऊ संघटना. मार्व्हलला धाकधूक वाटू लागली, आपला नायक राजकीय तर वाटणार नाही ना? १९७२ च्या एका अंकात त्याचं नाव बदलून ‘ब्लॅक लेपर्ड’ केलं. ते काही टिकलं नाही, पँथर परत पँथर झाला.

त्याच १९७२ मध्ये मुंबईत काही तरुण लेखक-कवींनी त्या अमेरिकन संघटनेकडं बघून स्वतःला नाव घेतलं: दलित पँथर. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, आणि आपल्या सांगलीजवळच्या नांद्र्याचे राजा ढाले. कॉमिक्सची एक मोठी कंपनी ज्या नावापासून दूर पळत होती, ते नाव इथल्या पोरांनी छातीवर लावलं. म्हणून कुणी म्हणालं की वंशवाद अमेरिकेचा विषय, आपल्याला काय त्याचं, तर त्याला ही गोष्ट सांगा.

तीच तहान, दोन पुस्तकं

चित्र बदललं की गोष्ट किती बदलते, हे बघायचं तर लांब जायला नको. कऱ्हाड तालुक्यात मसूर आहे, आपल्यापासून दोन-अडीच तासांवर. १९०१ मध्ये साताऱ्याहून निघालेली काही लहान पोरं मसूर स्टेशनवर उतरली. खटाव तालुक्यात वडील नोकरीला होते, त्यांच्याकडं चालली होती. पोरांचे कपडे नीटनेटके, म्हणून स्टेशन मास्तर आधी प्रेमानं बोलला. जात कळल्यावर मागं सरकला. दुप्पट भाडं द्यायचं कबूल केल्यावर बैलगाडी मिळाली, तीही पोरांनीच हाकायची या अटीवर. जवळ खायला होतं, पण रात्रभर पाणी कुणी दिलं नाही. त्या पोरांतला एक भीमराव आंबेडकर. बाबासाहेबांनी पुढे स्वतः हा प्रसंग लिहून ठेवला.

अमर चित्र कथेनं १९७९ मध्ये बाबासाहेबांवर अंक काढला, नेहमीच्या चौकटींच्या पद्धतीनं. २०११ मध्ये दिल्लीच्या नवयान प्रकाशनाकडून ‘भीमायन’ आलं. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा, चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची. हे दोघं प्रधान गोंड आदिवासी कलावंत. त्यांनी चौकटीच काढल्या नाहीत. माणसांना डब्यात कोंबायचं नाही, मोकळं ठेवायचं. बोलण्याच्या फुग्यांचं तर बघाच: मायेनं बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, आणि विषारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. खलनायक ओळखायला त्यांना कातडीचा रंग लागला नाही, नाकाचा आकार लागला नाही. माणूस जे बोलला, त्यावरून तो ओळखू येतो.

मी मघाशी म्हणालो होतो, चित्रकाराला जागा कमी असते, म्हणून तो साचा वापरतो. हे पुस्तक त्याला उत्तर आहे. जागा कमी असली तरी दुसरा रस्ता असतो. तो शोधावा लागतो.

भांडण कुठं फिसकटतं

२०१२ चं आपल्या राज्यातलंच उदाहरण आहे. एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात शंकर यांचं १९४९ चं व्यंगचित्र होतं. गोगलगायीवर बसलेले बाबासाहेब, हातात चाबूक, मागे नेहरू, त्यांच्याही हातात चाबूक. गोगलगाय म्हणजे राज्यघटना, काम हळू चाललंय असा अर्थ. काहींना त्यात बाबासाहेबांवर उगारलेला चाबूक दिसला. काहींना फक्त कामाच्या गतीवरची टीका दिसली. मे महिन्यात संसदेत गदारोळ झाला. पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. दुसऱ्याच दिवशी पुणे विद्यापीठात पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली.

माझं मत सांगतो. त्या चित्रात एका ब्राह्मण पंतप्रधानाच्या हातातला चाबूक बघून एखाद्या दलित विद्यार्थ्याच्या पोटात कालवलं, तर ते खोटं नाही. शंभर वर्षांच्या आठवणी त्या चाबकाला चिकटल्यात. त्याचं ऐकायलाच पाहिजे. पण खुर्च्या मोडल्या त्या दिवशी चित्राबद्दलचं बोलणं संपलं आणि खुर्च्यांबद्दलचं सुरू झालं. ज्याला लागलं होतं, त्याचं म्हणणं कुणी ऐकलंच नाही.

मग भांडायचं कसं?

एक. चित्र समोर ठेवा. आठवणीतल्या चित्रावर भांडू नका. पान उघडा, बोट ठेवा.

दोन. वाक्यातला ‘तू’ काढा. ‘तू वर्णद्वेषी आहेस’ म्हटलं की समोरचा स्वतःला वाचवायला लागतो. ‘या चौकटीत काळ्या माणसाला एकही धड वाक्य दिलेलं नाही’ म्हटलं की त्याला चौकटीकडं बघावं लागतं.

तीन. एका चित्रावर खटला उभा करू नका. एक खलनायक काळा असला म्हणून काही सिद्ध होत नाही. नमुना दाखवा. दहात आठ दिसले तर बोला. आरोप स्वस्त केला तर खऱ्या आरोपाचंही वजन जातं.

चार. हेतू आणि परिणाम वेगळे धरा. ‘टिनटिन इन द काँगो’ या १९३१ च्या पुस्तकावर काँगोतून आलेल्या एका माणसानं बेल्जियममध्ये खटला भरला. २०१२ मध्ये कोर्टानं तो फेटाळला. द्वेष पसरवण्याचा हेतू दिसत नाही, असं म्हटलं. कायद्याच्या दृष्टीनं ठीक असेल. पण हेतू नव्हता म्हणून ते चित्र बघणाऱ्या काळ्या मुलाला लागत नाही, असं थोडंच आहे? दुकानात ते पुस्तक मोठ्यांच्या कप्प्यात ठेवणं, आत काळाची माहिती देणारी टीप घालणं, हे मार्ग लोकांनी काढलेच.

पाच. शेवटी काय हवंय ते सांगा. बंदी? टीप? नवीन चित्र? की फक्त ‘हो, हे चुकीचं आहे’ एवढं कबूल करणं? बहुतेक वेळा शेवटचंच हवं असतं आणि तेच मिळत नाही.

आणि उलट्या बाजूनंही हे नियम लागू. २०११ मध्ये मार्व्हलनं माइल्स मोरालेस हा काळा-लॅटिनो स्पायडरमॅन आणला तेव्हा कितीतरी चाहते चिडले, ‘आमचा’ स्पायडरमॅन बदलला म्हणून. २००४ मध्ये खेड्यातून मुंबईत शिकायला आलेला, धोतर नेसलेला पवित्र प्रभाकर आला होता, तेव्हा आपण मात्र खूश झालो. २०२३ मध्ये तो सिनेमात दिसला, मराठी डबिंगसुद्धा आलं, आपण शिट्ट्या मारल्या. स्वतःचा चेहरा पडद्यावर बघायचा आनंद काय असतो, हे आपल्याला कळलं. मग माइल्सच्या चाहत्याचा आनंद कळायला अवघड नाही.

आता आपला फकिरा

हे सगळं मी का बोलतोय? कारण आता तुमच्यापैकी बरेच जण स्वतः चित्रं काढता. फोनवर, टॅबवर, बोटानं. आणि आपल्या शेजारच्या वाळवा तालुक्यात वाटेगाव आहे, अण्णा भाऊ साठ्यांचं. त्यांची ‘फकिरा’ १९५९ ची. वारणेच्या खोऱ्यातला मांग समाजाचा वीर. त्याच्या माणसांना इंग्रज सरकारनं कागदावरच गुन्हेगार ठरवलं होतं. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ चा, १९११ मध्ये त्याचा पसारा वाढला, रद्द झाला तो १९५२ मध्ये. अमुक जातीत जन्मला की चोर, रोज हजेरी लावायची. चेहरा बघून खलनायक ठरवणाऱ्या चित्रकाराचं आणि या कायद्याचं डोकं एकच आहे. फरक एवढाच की कायद्याच्या चौकटीत खरी माणसं कोंबलेली होती.

तर समजा तुम्ही फकिराची गोष्ट चित्रांत काढायला बसलात. त्याला कोणता रंग द्याल? उन्हात राबलेल्या, वारणेच्या काठावरच्या माणसाचा? की नायक आहे म्हणून दोन छटा उजळ? आणि गोरा इंग्रज साहेब खलनायक म्हणून काढताना त्याला नुसता दातविचका राक्षस कराल, की हुकूम लिहिताना ज्याचा हातही थरथरत नाही असा माणूस कराल? दुसरं जास्त भीतीदायक आहे, आणि जास्त खरंही.

फकिराचं एक पान काढून बघा. रंग भरायच्या आधी दोन मिनिटं थांबा आणि स्वतःला विचारा, हा रंग मी निवडला की माझ्या हाताला लागलेली सवय निवडतेय? पान झालं की आम्हाला पाठवा. पुढच्या एपिसोडला त्यांतलीच पानं समोर ठेवून भांडू. चौकटीवर बोट ठेवून, ‘तू’ न म्हणता.

येतो मंडळी. काळजी घ्या.